परीक्षेत भेटलेला मामा

अपेक्षा डॉक्टर झाली ती बारावीनंतर लगेच. सांगलीला मेडिकलला प्रवेश मिळाला त्याच आठवड्यात चुलतभाऊ पप्पूनं वडूजच्या स्टँडसमोर फ्लेक्स लावला आणि तिच्या नावाआधी 'डॉ.' घालून टाकलं. पुढची वर्षं अभ्यासाची राहिली होती, एवढंच.

घरचे लोक पिढ्यान्‌पिढ्या मेंढरांमागं फिरलेले. वडील दादासो आता थोडी शेती करतात, थोडी मेंढरं राखतात. सुट्टीत ती वस्तीवर गेली की माणसं दाखवायला येत. पहिल्या वर्षी तिला फक्त हाडांची नावं येत होती. लोकांचं त्यानं काही अडलं नाही. म्हातारे गुडघा पुढं करत, ती त्यातल्या वाटीचं इंग्रजी नाव सांगे, आणि म्हातारे बरं वाटून परत जात.

हॉस्टेलवर तिच्या खोलीत शरयू होती, वाईची. शरयूचे आईबाबा दोघंही डॉक्टर, त्यामुळं बरेचसे आजार तिच्या घरात आधीपासून येऊन-जाऊन होते. शरयू तिच्याकडून पाठांतर करून घ्यायची, अपेक्षा चहा करायची, आणि मेसच्या आमटीत डाळ असते की नाही यावर दोघींचं एकमत होतं. वॉर्डात मात्र पारडं फिरायचं. शरयूनं "आपल्याला मळमळ होते का?" असं विचारलं, की पेशंट मागं वळून बघे, आणखी कुणी आलंय का ते. अपेक्षापाशी तोच माणूस घडाघडा बोलायचा.

तिची खोड एकच. माणूस भेटला की आधी गाव, मग भावकी, मग पाहुणे. कुठंतरी नातं निघेपर्यंत तिच्या घरी कुणी चौकशी थांबवत नाही. मेडिसिनच्या प्रॅक्टिकलला मागच्या खेपेस ती अशानंच नापास झाली. पेशंटच्या सुनेचं माहेर समजलं, पण छाती तपासायची राहिली. आता पुन्हा परीक्षा होती. ह्या वेळीही नापास झाली, तर इंटर्नशिप सहा महिने पुढं जाणार होती आणि बरोबरीची पोरं वॉर्डात तिला कामं सांगणार होती.

"फक्त आजार विचार," शरयूनं निघताना बजावलं. "गाव अजिबात विचारायचं नाही."

"न्हाई विचारत."

लाँग केस म्हणजे एकच पेशंट. ठरल्या वेळात त्याला सगळं विचारायचं, तपासायचं आणि परीक्षकांपुढं मांडायचं. अपेक्षाच्या वाट्याला हरिबा आला. पन्नाशी ओलांडलेला, डोळे पिवळे, हातपाय काटकुळे आणि पोट तेवढं टम्म. ती स्टूल ओढून बसली.

"पोट कवापासनं फुगलंय?"

"तुजं गाव कुठलं बाळ?"

तिनं गाव विचारणार नाही असं कबूल केलं होतं. सांगणार नाही असं केलं नव्हतं.

"वडूजकडचं. पोट कवापासनं?"

"वडूजकडं कुणाची?"

"दादासोंची."

"मेंढरं हाईत तो दादासो? मग कुंडलचा नाथाजी तुजा मामा न्हवं का?"

"व्हय."

"त्येचा चुलतभाव मी. म्हंजे मी बी मामाच की गं."

आता मामा निघाल्यावर बसून कसं राहायचं? अपेक्षा उठली आणि पाया पडली. शेजारच्या खाटेपाशी तिच्याबरोबर परीक्षेला बसलेला यशराज आपल्या पेशंटशी झगडत होता. त्याला वाटलं ही पायांवरची सूज बघतेय. त्यानंही घाईघाईनं पेशंटच्या पायावरचं पांघरूण काढलं.

पुढचं तिनं नीट केलं. पोट चाचपलं, पाणी आहे हे ठोकून बघितलं, पायांची सूज खरोखर दाबून पाहिली. राहिला एक प्रश्न, दारूचा. अशा पोटाच्या माणसाला हा प्रश्न विचारल्याशिवाय निदान पुरं होत नाही, आणि मामाला हा प्रश्न विचारत नाहीत. परीक्षक आले तेव्हा तो तसाच राहिला होता.

बाहेरगावाहून आलेले परीक्षक शांत गृहस्थ होते. "व्यसनं?" त्यांनी विचारलं.

"विचारलं नाही, सर."

"का?"

"मामा लागतात."

"कधीपासून?"

"आत्ताच कळलं."

परीक्षकांनी चष्मा काढून पुसला. "म्हणजे नात्याचं निदान झालं. आता आजाराचं राहिलंय. विचारा, आम्ही थांबतो."

हरिबा छताच्या पंख्याकडं बघायला लागला. वॉर्डातल्या डॉक्टरांना त्यानं आपण सुपारीसुद्धा खात नसल्याचं सांगून ठेवलं होतं. अपेक्षानं स्टूल आणखी जवळ ओढलं.

"मामा, मामी कशावरनं भांडती तुमच्यासंगं?"

"कशावरनं म्हंजे... सांजच्याला घेतो त्येच्यावरनं."

"रोज भांडती?"

"एकादशी सोडून."

"किती वर्सं झाली भांडणाला?"

"थोरली नांदाय गेली तवापासनं. धा-बारा झाली असतील."

"आन एका भांडणाला किती लागती?"

"क्वार्टर. बाजारादिवशी जरा जास्त."

परीक्षकांनी खाली बघून काहीतरी लिहिलं. हरिबानं मान वळवली.

"त्येच्यानंच झालंय व्हय गं हे?"

"व्हय मामा. लिवर खराब झालंय. आता थेंब बी न्हाई."

"तुज्या आईला सांगू नगंस."

"न्हाई सांगत."

मग परीक्षकांनी निदान विचारलं, औषधं विचारली, जेवणातली पथ्यं विचारली; पथ्यांत तिनं पहिलं मीठ तोडलं. एका औषधाचा डोस तिनं चुकवला, लगेच सुधारला. निघताना ते हरिबाला म्हणाले, "भाची हुशार आहे तुमची."

"आमच्यातली हाय," हरिबा म्हणाला.

अपेक्षा पास झाली. मार्क फार नव्हते, पण लागतात त्याहून बरे होते. निकाल लागला तेव्हा हरिबा वॉर्डातच होता, आणि पोरगी माझ्यावर पास झाली म्हणून आजूबाजूच्या खाटांना सांगत होता. ह्यात खोटं काही नव्हतं.

आता ती इंटर्न आहे. हरिबा तपासणीला येतो, मामी संगं असते. दारूचं अपेक्षा त्याला विचारत नाही. बाहेर बाकावर बसलेल्या मामीला विचारते, अजून भांडणं होत्यात का.

"व्हत्यात की," मामी म्हणते. "आता त्योच भांडतोय. कालवणात मीठ का न्हाई म्हणून."