मराठीत बोललेलं एक वाक्य

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. घरी नाही, नीलिमालाही नाही — आणि ती तर तेव्हा माझ्या शेजारीच बसली होती.

मी उज्जैनला एका कॉलेजात केमिस्ट्री शिकवते. नीलिमाही तिथेच, तीही मराठी. चारचौघांत काही खाजगी बोलायचं असलं की आम्ही मराठीत सुरू व्हायचो. इथे कुणाला कळतंय? खाजगी म्हणजे तरी काय... बहुतेक वेळा कुणाची तरी टिंगल.

प्रॅक्टिकलच्या तोंडी परीक्षेला सपना नावाची मुलगी समोर उभी होती. प्रश्न साधा, पण तिला सुचेना. मी नीलिमाला म्हटलं, "लग्न लावून द्यायचं सोडून असल्यांना इथे कशाला पाठवतात?" नीलिमा हसली. सपना खाली बघत राहिली. घाबरली असेल, वाटलं. की मी नीट पाहिलंच नाही?

त्यानंतर मी वर्गात आले की सगळे उठायचे, ती बसून राहायची. एकदा प्रश्न विचारला तर म्हणाली, "मुझसे क्यों पूछ रही हैं? आपने तो पहले ही तय कर लिया है।" वर्ग हसला. मी तडक प्राचार्यांकडे शिकायत केली — मुलगी उद्धट आहे.

त्यांनी तिला माझ्यासमोर बोलावलं. मला विचारलं, "मैडम, आपने इससे कुछ कहा था क्या?"

"नहीं सर, मैंने तो इससे कुछ नहीं कहा।"

खोटं होतं का ते? तिला कुठे म्हटलं होतं, नीलिमाला म्हटलं होतं — नाही. खोटंच होतं.

सपनाने माझ्याकडे पाहिलं. "माफ करा मॅडम, पुन्हा असं बोलणार नाही." स्वच्छ मराठीत.

प्राचार्य खूश. "अरे वाह, मराठी आती है तुम्हें?"

"जी सर। मम्मी मराठी हैं।"

एवढंच. ती सगळं सांगू शकत होती. का नाही सांगितलं? मला वाचवलं, की मी काय आहे ते मला दाखवून दिलं? अजूनही उलगडत नाही. बोलायची पाळी माझी होती, इतकं मात्र कळत होतं. मी म्हटलं, "कोई बात नहीं, जाओ।"

पुढच्या वर्षी ती कॉलेजात दिसली नाही. मी चौकशी केली नाही.

परवा टावर चौकात भेटली. हातात भाजीची पिशवी. स्वतःहून थांबली, हसली — खरंच हसली का? "कशा आहात मॅडम?"

"ठीक हूँ बेटा," मी म्हटलं, आणि ऑटोला हात केला.