आबांना दिलेला शब्द आणि डावा हात

वडिलांच्या पिंडाला कावळा शिवेना, म्हणून मी फिजिक्स शिकवायचं कबूल केलं.

भोरला नीरेच्या घाटावर दहाव्याचे पाहुणे उन्हात ताटकळले होते. गाय विकणार नाही, बांधावरून भांडणार नाही, सगळी वचनं देऊन झाली. कावळा बाभळीवर ढिम्म. पालीची आत्या म्हणाली, "आबाच्या मनात कायतरी राह्यलंय."

माझी पुतणी प्रणाली बारावीला. सहामाहीत फिजिक्समध्ये नापास. ती हळूच म्हणाली, "आबांना मी पास झाल्याली बघायची व्हती."

सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं. घरात पुस्तकं वाचणारा मी एकटाच. (त्या कादंबऱ्या असतात, हे कुणाला ठाऊक नव्हतं.) मी हात जोडले. "आबा, हिला मी शिकवतो. पास करून दाखवतो." कावळा लगेच खाली आला. संपलं! पिंडापुढं दिलेला शब्द मोडायची सोय नसते.

मी धडा वाचला. अवघड असं काहीच वाटलं नाही. पहिलं गणित : एक धन प्रभार, एक तेवढाच ऋण, मधोमध विद्युत क्षेत्र किती?

"शून्य. एक अधिक, एक वजा. मिटलं."

"काका, मागं उत्तर शून्य न्हाई."

"छपाईची चूक."

(चूक नव्हती. एक जिकडं ढकलतो तिकडंच दुसरा ओढतो, म्हणून जोर दुप्पट होतो. लग्न झालेल्या माणसाला हे कळायला हवं होतं.)

मग चुंबकीय क्षेत्र. डाव्या हाताची तीन बोटं काटकोनात धरायची : तर्जनी क्षेत्राकडं, मधलं बोट प्रवाहाकडं, अंगठा दाखवेल तिकडं बल. मी बोटं धरली आणि आत्या कडाडली, "आबाचं काम अन् डाव्या हातानं? लाज न्हाई वाटत?"

मला पटलं. मी उजवा हात पुढं केला. पहिलंच गणित इलेक्ट्रॉनचं निघालं आणि उत्तर जुळलं. (इलेक्ट्रॉन ऋण, त्याचं सगळं उलटंच असतं. ते पुढच्या पानावर होतं.) मग काय, परीक्षेपर्यंत मी उजव्या हातानंच शिकवलं. भेटायला येणारे माझं गोटा केलेलं डोकं आणि वाकडी बोटं पाहून कुजबुजत, "लई मनाला लावून घेतलंय बिचाऱ्यानं."

प्रणाली पास झाली. मी ताठ मानेनं विचारलं, "प्रोटॉनचं गणित आलं होतं?"

"व्हय. तुमच्या उजव्या हातानं काढलं अन् उलटं लिहिलं."

"उलटं?"

"तुमचं उलटं केलं की बरोबर येतंय, काका. मला पहिल्याच आठवड्यात कळलं."

"मग बोलली का नाहीस?"

"तुमी आबांसाठी शिकवत व्हता ना."

ही पद्धत तिनं घरात सगळ्यांना सांगितली. आता विहीर कुठं खणायची, सोयरीक कुठं जुळवायची, सगळे आधी माझं मत घेतात आणि मगच ठरवतात. एवढा मान आबांनाही नव्हता.