सात सुतांचं कपलिंग

माझ्या नवऱ्यानं तीस वर्षं उद्यमबागेत, कारखान्यांच्या वसाहतीतल्या आपल्या वर्कशॉपमध्ये, लेथ चालवली आणि पंचावन्नाव्या वर्षी शिडाची बोट घेतली. राहायला बेळगावजवळ येळ्ळूरला, पोहायला येत नाही, आणि बोट! ती अर्थातच आमच्याकडं नव्हती. केरळात, खाडीतल्या एका मरीनात बांधून ठेवलेली होती. मरीना म्हणजे बोटींचा वाहनतळ. मधे लाकडी धक्का, दोन्ही बाजूंना दोरांनी बांधलेल्या बोटी, आणि प्रत्येकीसाठी विजेचा खांब न् पाण्याचा नळ. आमची बोट कुणीतरी कंटाळून विकायला काढली होती. दुसऱ्यानं कंटाळून टाकलेली वस्तू आपण का उचलायची, हा प्रश्न घरात मी एकटीनंच विचारला.

निघताना मित्रांनी नवऱ्याचा सत्कार केला. शाल, श्रीफळ, फेटा, भाषणं. एकानं त्याला आपल्या भागातला पहिला दर्यावर्दी करून टाकलं आणि यानं फेटा सावरत मान डोलावली. मी शाळेतली नोकरी मुदतीआधी सोडली. वर्कशॉप आणि येळ्ळूरच्या घराची किल्ली धाकट्या दिराकडं दिली. बेत असा होता की दिवाळीनंतर आठ दिवसांत निघायचं, लक्षद्वीप बघायचं आणि पावसाळ्याच्या आत परत यायचं.

शिमगा झाला तरी आम्ही मरीनातच होतो.

बोटीवरचं राहणं लोकांना फार रम्य वाटतं. लोकांनी यावं आणि आमच्या संडासाचा पंप तीस वेळा हातानं मारून बघावा. आमचं स्वयंपाकघर येळ्ळूरच्या देव्हाऱ्यापेक्षा थोडं मोठं होतं. डोकं आपटल्याशिवाय एक दिवस गेला नाही. मी तर आपटायच्या आधीच शिवी देऊन ठेवायची. तूरडाळीला ओल लागायची, मीठ पाण्यासारखं वाहायचं. फेरीबोट गेली की लाट यायची आणि आमटी शेगडीवरून माझ्याकडं बघत कलंडायची. तरी मी हटले नाही. शिडाखालच्या आडव्या दांड्यावर साड्या वाळत घातल्या आणि पुढच्या डेकवर सांडगे. परदेशी लोक सांडग्यांचे फोटो काढून गेले.

मरीनात सगळेच कशाची तरी वाट बघत असतात. कुणी व्हिसाची, कुणी वाऱ्याची, कुणी पळून गेलेल्या जोडीदाराची. विचारलं की सगळे सांगतात, पुढच्या आठवड्यात निघणार. आमच्या शेजारच्या बोटीवर एक म्हातारा फ्रेंच माणूस होता, तो सहा वर्षांपासून पुढच्या आठवड्यात निघत होता. मधे एका लग्नाला मी निपाणीला जाऊन आले, तेव्हा त्याला बेळगावचा कुंदा आणला. त्या बदल्यात त्यानं मला गाठी मारायला, सुकाणू धरायला आणि होकायंत्र बघायला शिकवलं. चार वेळा त्याच्या बोटीतून खाडीच्या तोंडाबाहेरही नेऊन आणलं. नवऱ्याला वेळ नव्हता. तो कायम इंजिनावर पालथा पडलेला असायचा.

कारण बोटीत रोज नवं काहीतरी बिघडायचं. म्हणजे तो शोधून काढायचा. आधी बॅटरी, मग पाण्याचा पंप, मग शिडाची शिवण. शेवटी इंजिनाला पाण्याखालच्या पंख्याचा दांडा जोडणारं कपलिंग तडकलेलं सापडलं. ते मात्र खरंच तडकलेलं होतं, मी चिरेवरून नख फिरवून बघितलं. ते नवं केल्याशिवाय बोट जागची हलणार नव्हती. नवरा इतका खूश झाला की मला तेव्हाच कळायला हवं होतं.

'बाजारातलं कपलिंग घ्यायचं न्हाय,' तो म्हणाला, 'आपल्या वर्कशॉपमधनंच करून घेऊ.' आणि दिराला फोन लावून माप सांगितलं: सात सूत.

इथं सूत सांगायला हवं. इंचाचा आठवा भाग म्हणजे एक सूत. उद्यमबागेत मिलिमीटर कागदावर असतो, तोंडात सूत असतं. माझा नवरा तर घरातही सुतातच बोलतो. भाकरी सूतभर जाड झाली, दार दोन सूत घासतंय, जावई पोरीपेक्षा चार सूत बुटका आहे. लग्नाच्या वेळी माझ्या हिऱ्याच्या खड्याकडं बघून यानं 'अर्धं सूत' म्हटलं होतं, ते माहेरी अजून कुणी विसरलेलं नाही.

आठ दिवसांनी पार्सल आलं. कपलिंग चकचकीत, सुबक, आणि त्याचं भोक आठ सुतांचं. दांडा आत घातला तर खुळखुळत होता. नवऱ्यानं कपाळाला हात लावला. 'सात म्हटलं की आठ ऐकतात,' म्हणाला. 'कारागीर कानडी, भाऊ मराठी, आपलं माप मधल्या मधे गेलं. आता परत सगळं पयल्यापासनं. पावसाळ्याआधी काय जमत न्हाय बघ.'

ते मला पटेना. आमच्याकडं दुकानाची पाटी कुठल्या भाषेत लावायची यावरून रस्त्यावर येतील, बस अडवतील, पण मापावरून कधी कुणाचं भांडण झालं नाही. त्याच वर्कशॉपमध्ये सकाळी कानडीत आणि जेवणानंतर मराठीत काम चालतं आणि सूत दोघांचंही तेवढंच असतं. तीस वर्षांत यांचा एक नग मापावरून परत आला नव्हता.

नवरा धक्क्यावर आंघोळीला गेल्यावर मी दिराला फोन केला.

'वैनी, मी सातचंच केलतं,' दीर म्हणाला. 'पॅक करून ठेवलतं. मग अण्णाचा परत फोन आला. म्हणाला, सात न्हाय रं, आठ कर. मी दोनदा इचारलं. आठच म्हणाला.'

'मग ते सातचं कुठाय?'

'हितंच टेबलावर. बिलं उडू नयेत म्हणून ठेवलंय.'

'ते पाठवा. माझ्या नावानं. आणि अण्णांना बोलू नका.'

'भांडण झालंय व्हय?'

'न्हाय. व्हायचं हाय.'

पार्सल यायला पाच दिवस लागले. तेवढे दिवस मी नवऱ्याकडं बघत राहिले. तो शिटी वाजवत तांब्याच्या नळ्या पुसत होता, म्हाताऱ्याबरोबर चहा पीत होता, येणाऱ्याजाणाऱ्याला कपलिंगची कहाणी सांगत होता. इतका सुखी माणूस मी लग्नानंतर पहिल्यांदाच बघत होते. परत गेलो नाही आणि पुढंही गेलो नाही. दोन्हीच्या मधे यानं दोर बांधून ठेवला होता आणि त्या दोराला मलाही बांधलं होतं.

पार्सल आलं त्या सकाळी मी कपलिंग चहाच्या कपाशेजारी ठेवलं. त्यानं उचललं. मोजलं नाही. भोकात बोट घालून फिरवलं आणि खाली ठेवलं.

'सात सूत,' म्हणाला.

'व्हय. सात.'

त्यानं चहाचा कप बाजूला सारला. मग म्हणाला, 'तू लग्नाला निपाणीला गेलतीस तवा म्हातारा मला आपल्या बोटीतनं भाईर घेऊन गेलता. लई लांब. किनारा दिसंना झाला गं. चारी बाजूनं नुसतं पाणी. माझे हात कापाय लागले. लेथवर तीस वर्षांत कधी कापले न्हाईत. म्हाताऱ्यानं परत आणलं, आणि कुणाला बोलला न्हाय बिचारा.'

'मग मला सांगायचं होतं.'

'तू नोकरी सोडलीस. त्यांनी फेटा बांधला. कुठल्या तोंडानं सांगू?'

मला भयंकर राग आला. फसवलं म्हणून आला, माझे इतके महिने संडासाचा पंप मारण्यात घालवले म्हणून आला. पण तो निवेपर्यंत एक वेगळीच गोष्ट माझ्या लक्षात आली, आणि तिची मला लाज वाटली. मी रोज सकाळ-संध्याकाळ त्या बोटीला शिव्या देत होते, आणि मला जायचं होतं. म्हाताऱ्याच्या बोटीत सुकाणू हातात आल्यावर मला जे झालं होतं ते मी कुणालाच सांगितलं नव्हतं. एकोणतीस वर्षं पोरांना बेरजा शिकवून झाल्यावर कुणीतरी मला एवढी मोठी वस्तू वळवायला दिली होती, आणि ती माझ्या हाताला वळत होती.

'लक्षद्वीप राहू दे,' मी म्हटलं. 'काठाकाठानं वर गोव्याकडं जाऊ. किनारा दिसेल एवढंच आत. बोट मी धरते, तुम्ही इंजिन बघा. गोव्यातनं घाट चढला की घर. आणि न्हाईच जमलं तर मधल्या बंदरात उतरा, एस्टी धरा.'

'आणि तू?'

'मी बोट घेऊन येते.'

त्याला हसू आलं. मग डोळे पुसले. मग पाना शोधायला लागला.

कपलिंग पहिल्या फटक्यात बसलं. दोन दिवसांनी उजाडता उजाडता म्हाताऱ्यानं आमचे दोर सोडून डेकवर टाकले आणि 'पुढच्या आठवड्यात मीही निघतो' म्हणाला. खाडीचं तोंड मागं पडलं. मी सुकाणू धरून उभी होते आणि नवरा माझ्या पायाशी, इंजिनाच्या झाकणाकडं तोंड करून बसला होता. कपलिंगचा आवाज ऐकतोय म्हणाला. दर थोड्या वेळानं विचारायचा, 'किनारा दिसतोय का गं?' मी उजवीकडं बघायची. माडांची रेघ असायची. 'दिसतोय की,' म्हणायची.

अकराच्या सुमाराला ऊन चढलं आणि धुरकट व्हायला लागलं. माड पुसट झाले, मग गेले. होकायंत्र समोर होतं, ते म्हाताऱ्यानं शिकवलं होतं तसंच उत्तर दाखवत होतं.

'दिसतोय का?' त्यानं विचारलं.

'दिसतोय,' मी म्हटलं.

त्यानं नुसती मान वळवली असती तरी कळलं असतं. त्यानं वळवली नाही. 'मग ठीक हाय,' म्हणाला, आणि वर न बघता हात लांब करून माझ्या साडीचा काठ मुठीत धरून बसला.