मदुरैत पिठाची विरी गेली

पहिली भाकरी तिच्या हातातच तुटली. दुसरी काठवटीत तडकली. तिसरी कशीबशी तव्यापर्यंत गेली आणि तिथं तिचे चार तुकडे झाले. माझ्या बायकोनं, सुभद्रानं, पिठाची चिमूट जिभेवर ठेवली आणि थुंकली.

"कडू झालंय," ती म्हणली. "विरी गेली पिठाची."

गाव मदुरै, तामिळनाडू. दिवस मीनाक्षीदेवीच्या लग्नाचा. चैत्रात तिथं दरसाल देवीचं लग्न लावतात, माणसांचं लावतात तसंच, मुहूर्त धरून. सकाळचे आठ वाजले होते आणि ऊन आपल्या परभणीच्या दुपारएवढं, वर अंगाला चिकटणारं. आमची पार्टी पहाटेच लग्नाला गेली होती. एक वाजता चाळीस माणूस जेवायला परत येणार होतं.

मी टूरचा आचारी. शाळा चौथीपर्यंत, पुढचं शिक्षण भट्टीपाशी. आपल्याकडची बस दक्षिणेला निघाली की डिकीत शेगड्या, पातेली, काळा मसाला आणि शेंगदाण्याचं कूट जातं, वर शिटावर आचारी जातो. बाहेरचे लोक हसतात. हसू द्या. आमचा माणूस कन्याकुमारीला जाऊन समुद्र बघतो, पण पायावरचं पाणी वाळायच्या आत विचारतो, आज भाकरी हाय का.

भाज्या, वरण, भात, पोळ्या माझ्याकडं. भाकरी सुभद्राकडं. म्हणून ती दर टूरला संगं असायची.

विरी म्हणजे काय ते सांगतो. ज्वारीच्या ताज्या पिठाला एक चिकटपणा असतो, त्याच्यावर भाकरी फाटल्याबिगर थापली जाते. पीठ शिळं झालं, गरमीत राहिलं की तो जातो. मग तुम्ही कितीही मळा, ती मातीसारखी भुगा होते. निघताना सुभद्रा म्हणली होती, अर्धी ज्वारी अख्खी घ्या, वाटेत दळून घेऊ. मी ऐकलं नाही. परक्या मुलखात गिरण्या हुडकत कोण फिरंल म्हणून पूर्णेच्या गिरणीत सगळं एकदम दळलं आणि पोतं डिकीत टाकलं, इंजनाच्या अंगाला. तिरुपतीपर्यंत भाकरी बरी झाली. पुढचे चार दिवस भातावर काढले, पोतं उघडलंच नाही. ते तिथं शेकत बसलं. चूक सगळी माझी.

वाईट हे, की आदल्याच दिवशी शेठनं, म्हणजे बसच्या मालकानं, मला बाजूला घेऊन सांगितलं होतं की पुढच्या टूरपासून एकट्यानं या. बाईची सीट अडते, तिथं एक पॅसेंजर बसतो. भाकरी काय, कुठंही मिळते. मी म्हणलं होतं, एक डाव उद्याचं जेवण होऊ द्या, लोकांना विचारा, मग ठरवा. शेठ म्हणला, ठीक हाय, उद्या बघू. म्हणजे त्या एका जेवणावर तिची सीट होती. हे मी तिला सांगितलं नव्हतं.

आता पहिला उपाय आधणाचा. उकळत्या पाण्यात पीठ मळलं की मेलेली विरी थोडी धरते. ते केलं. भाकरी धरली, पण कडूपणा कुठं जातो. तिनं एक तुकडा मला दिला. मी गिळला नाही.

तेवढ्यात शेठ आला. काठवट बघितली, माझं तोंड बघितलं.

"मामा, राहू द्या. इडल्या मागवतो."

मी म्हणलं, लोक चार दिवस तांदळाचं खाऊन कंटाळले, आज भाकरी देतो म्हणून आपण शब्द दिला.

"मंग करा की," शेठ म्हणला. "म्हणूनच तर दोन शिटा अडकवल्यात तुमी."

तो गेला. सुभद्रानं हात धुतले, पिशवीतनं एक गाठ बांधलेलं फडकं काढलं. त्यात देवीच्या ओटीसाठी घरून आणलेली मूठ-दोन मूठ ज्वारी होती. मी म्हणलं, ती देवीची हाय.

"देवी समजून घेती. पाव्हणे घेत न्हाईत. चला."

तिला तमिळचा एक शब्द येत नव्हता. मलाही नाही. दोघं निघालो.

ते गाव त्या दिवशी बघायसारखं होतं. सगळ्या गल्ल्यांत ताडाच्या पानाचे मांडव. बायकांच्या डोक्यात मोगऱ्याचे एवढाले गजरे, की रस्ताभर वास. घराघरापुढं लोक मोठी भांडी घेऊन उभे, जो जाईल त्याला ताक नाहीतर गुळाचं पाणी पाजायलेले. भोंग्यावर सनईसारखं वाजायलेलं. कोणी कोणाला ओळखत नाही, पण सगळे वऱ्हाडी. आम्ही दोघंच तेवढे त्या लग्नात ज्वारी हुडकत होतो. दुकानं निम्मी बंद. जी उघडी, तिथं तांदूळ. फडकं सोडून दाणे दाखवायचे, दुकानदार मान हलवायचा. पाच दुकानं झाली. सुभद्राचे पाय भाजत होते, चप्पल तुटलेली. मी म्हणलं, चल माघारी, इडल्या येऊ दे. तिनं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही.

एका कोपऱ्यावर एक म्हातारी मडकं घेऊन बसली होती, गड्याएवढी धिप्पाड. मडक्यातलं पळीनं तांब्यात ओतून देत होती, संगं हिरवी मिरची आणि कांदा. सुभद्रा थांबली. वास घेतला.

"आवं, ही तर ज्वारीची आंबील हाय."

आणि खरंच आंबील होती. तिनं फडकं सोडून दाणे पुढं केले. म्हातारीनं दोन दाणे दाताखाली फोडले, म्हणली, "सोळम." ज्वारीला तिकडं तेच म्हणतात. मग हसली. आपलं मडकं शेजारणीच्या हवाली केलं, सुभद्राचं मनगट धरलं आणि चालायला लागली. मी मागं. ज्वारीचं दुकान दोन गल्ल्या आत होतं, तिथनं दळणाएवढी घेतली. गिरणी त्याच्या पुढं, पण कुलूप. गिरणीवाला लग्नाच्या सुट्टीवर. म्हातारीनं त्याच्या घरच्या दारावर अशा थापा मारल्या, की तो अर्ध्या जेवणावरून उठून आला. ती काय बोलली कळलं नाही. शिव्या होत्या एवढं कळलं.

गिरणी चालू झाली आणि तेवढ्यात भोंगा एकदम चढला. देवीचा मुहूर्त लागला. गल्लीतल्या सगळ्या बायका जागच्या जागी थांबल्या. त्या घटकेला तिथल्या सवाष्णी गळ्यातला जुना पिवळा धागा काढून नवा घालतात. म्हातारीनं कनवटीचे दोन धागे काढले. एक स्वतःच्या गळ्यात बांधला, दुसरा माझ्या बायकोच्या. सुभद्रानं तिच्या पायाला हात लावला आणि ओटीतली उरलेली ज्वारी तिच्याच पदरात घातली. धागा नवऱ्याच्या आयुष्यासाठी असतो म्हणे.

दळण होईस्तोवर मी तिला समोरच्या गाड्यावर जिगरथंडा पाजला. नाव बघा, तमिळ मुलखात आणि आपल्या निजामाकडचं वाटतं. थंड दूध, त्यात डिंक, लाल सरबत, वर आइस्क्रीम. तिनं चमच्यानं डिंक बाजूला सारला, शेवटी तोच खाल्ला. मग म्हणली,

"शेठ काय म्हणला ते मला माईत हाय."

मी गाडीवाल्याला पैसे दिले.

"घरी बसवायचं तर बसवू द्या. पर भाकर जमली न्हाई म्हणून न्हाई."

साडेअकराला परत आलो. ती थापायला बसली, मी भाजायला. मध्ये उठली नाही. एकला पंगत बसली तेव्हा पिठलं, मिरचीचा ठेचा, कांदा आणि गरम भाकरी. पार्टीत झरीचे गणपतराव म्हणून एक म्हातारे शेतकरी होते, सगळ्यांना त्यांनीच जमवलं होतं. चौथी भाकरी घेताना त्यांनी शेठला हाक मारली. आता काय ऐकावं लागतंय म्हणून मी पळी धरून उभा.

"शेठ, पुढच्या साली काशीला न्यायचं म्हणता. ही बाई संगं असंल तर झरीची बस भरली समजा. नसंल तर तुमी आन तुमच्या इडल्या जावा."

लोक हसले. शेठही हसला, पण त्यानं चष्मा पुसला. भांडी घासताना तो जवळ आला आणि म्हणला, मामा, काशीला दोन शिटा धरतो. सुभद्राला म्हणला, मामी, मला अजून एक द्या. तिनं दिली. करपलेली दिली, हे मी बघितलं.

पुढं ती चार टूर आली. काशी झाली, द्वारका झाली, मदुरै काही पुन्हा झालं नाही. मागच्या पौषात ती गेली. ताप आला, आठ दिवसांत संपलं.

परवा शेठचा फोन आला. दक्षिणेची पार्टी हाय, चैत्रातच, येता का. मी म्हणलं, पोळ्यांची पार्टी असंल तर येतो. तो म्हणला, न्हाई मामा, झरीची हाय. फोन त्यानंच ठेवला.

चाळीस वर्षं मी तिच्यासमोर बसून भाकरी भाजली. थापायला शिकलो नाही, गरजच पडली नाही. आता घरी थापतो, ती तुटते. पीठ ताजं असतं, तरी तुटते. या धंद्यात नवीन येणाऱ्याला माझं एवढंच सांगणं: पीठ एकदम दळू नका, आणि थापणारं माणूस समोर बसलेलं असतं तवरच थापायला शिकून घ्या.