फवारलेला चाकवत

आमच्या घरमालकीण काकूंनी त्या दिवशी माझ्या हातातली चाकवताची जुडी काढून घेतली, म्हणून आज मी हे निवांत लिहितोय. काकू पिढ्यान्‌पिढ्या इथल्या लष्कर नावाच्या जुन्या वस्तीतल्या, मराठी बोलता बोलता हिंदीत शिरणाऱ्या. मी सांगलीकडचा, सातवीत शाळा सोडलेला. इकडे हिंदी मुलखात, याच शहरातल्या हजीरा भागाजवळ, एका मॅरेज गार्डनमध्ये, म्हणजे लग्नाच्या लॉनवर, माळीकाम करतो.

बायकोला सहावा महिना होता. तिला डोहाळे लागले ते ताकातल्या चाकवताचे. इथे त्याला बथुआ म्हणतात, आणि आमच्या लॉनच्या भिंतीकडेला तो आपोआप उगवतो. आदल्या दिवशी मीच तिथे तणनाशक मारलं होतं. पण पानं हिरवीगार. पिवळी पडली नाहीत म्हणजे इथे फवारा पोचलाच नाही, असं मी धरलं आणि कोवळी बघून खुडून आणली.

काकू पायरीवर मटार सोलत होत्या.

"कुठून आणलास?"

"कामावरून. काल फवारलंय तिथे, पण पान बघा की, किती ताजं. मिठाच्या पाण्यात धुतो."

"अरे, पान मरायला आठ दिवस लागतात, घास गिळायला किती लागतो? पहले हाथ धो, फिर बहस कर."

मग उरलेल्या तणनाशकाची बाटली कुठे आहे, असं त्यांनी विचारलं. ती आमच्या ओट्याखाली होती, तेलाच्या डब्याशेजारी. काकूंनी चष्मा लावून तिच्यावरचं लेबल वाचलं: हातमोजे घाला, खाण्याच्या वस्तूंपासून दूर ठेवा.

"हे वाचलं नाहीस?"

"अक्षर बारीक आहे, काकू."

"चष्मा मला लागलाय, तुला नाही."

 किती दिवस मी फवारणीच्या कपड्यांतच बायकोशेजारी जेवायला बसत होतो. काकू स्वतः आमच्याबरोबर डॉक्टरीणबाईंकडे आल्या. सगळं ठीक निघालं. बाई म्हणाल्या, घाबरू नका, पण इथून पुढे हे घरात येऊ देऊ नका.

बाटली त्याच दिवशी गार्डनच्या कुलुपातल्या खोलीत गेली. बूट दाराबाहेर, कामाचे कपडे वेगळ्या बादलीत, आधी अंघोळ, मग घर. भिंतीकडचं तण आता खुरप्याने काढतो. फरशीच्या फटींतलं तण मरावं म्हणून तिथे लग्नाचा स्वयंपाक करणाऱ्या हलवायाकडचं उरलेलं उकळतं पाणी ओततो. मॅनेजर आधी कुरकुरला, आता तोच पाण्याची आठवण करून देतो.

मुलगी आता रांगते. मी दारात आलो की पायाला मिठी मारायला भराभर रांगत येते, आणि काकू वरून ओरडतात, "आधी अंघोळ."

एकदा काकूंना आमच्या गावी नेणार आहे. परड्यात हाताने खुरपलेला चाकवत, आईच्या हातचं ताक, आणि पहिलं ताट त्यांचं. हे मी करणारच.