फुटक्या नळीचा कारागीर

मी जात्याच तापट. पोरं माझ्या छडीपेक्षा माझ्या तोंडाला जास्त भ्यायची आणि शाळेतले बाकीचे मास्तरही मला वळसा घालून जायचे. पस्तीस सालच्या सुमाराची गोष्ट. सोलापुरात तेव्हा एक लहानसं मासिक निघायचं आणि त्यात मी गावच्या कारागिरांवर लिहायचो. चाबूक वळणारा झाला, सनईच्या पिपाण्या करणारा झाला. कुणावर अन्याय झालेला दिसला की माझ्या लेखणीला चेव यायचा. संपादक म्हणायचे, तुमचा लेख वाचताना उकडायला लागतं.

बंदूकवाल्याचं मला सांगितलं एका म्हाताऱ्या शिकाऱ्याने. "तुमच्या गावात एक लोहार होता, तो अंगाच्या मापाने बंदूक शिवायचा," असं ते म्हणाले. शिवायचा, हा त्यांचाच शब्द. मला वाटलं, शिकारी माणूस, थापा मारणारच. तरी चौकशी केली. माणूस वारला होता, पण त्याची लेक सात रस्त्याच्या पलीकडे एका चाळीत राहत होती आणि हातमागवाल्यांच्या सुताच्या कांड्या भरून पोट भरत होती. चाळिशीची विधवा. मी दारात उभा राहून काय हवंय ते सांगितलं, तेव्हा ती आत गेली आणि सुतळीने बांधलेली काठ्यांची मोळी घेऊन आली.

त्या लोहाराच्या माप घ्यायच्या काठ्या. त्याला अक्षर येत नव्हतं. गिऱ्हाईक आलं की तो त्याला डोळे मिटायला लावायचा, हातात एक काठी देऊन बंदुकीसारखी खांद्याला लावायला सांगायचा आणि मग म्हणायचा, उघडा डोळे. नजर काठीच्या टोकावर आली तर ठीक, नाही तर किती सरकते ते बघून काठीवर खाचा पाडायचा. हाताच्या लांबीची एक, गालाच्या उंचीची दुसरी, मान किती वाकते त्याची तिसरी. एकेक काठी म्हणजे एकेक माणूस.

"एका सायबाचा उजवा डोळा अधू हुता," लेक सांगत होती. "त्येच्यासाटी मागचं लाकूड असं वाकडं केलं, की बंदूक उजव्या खांद्याव आन् नेम डाव्या डोळ्यानं."

नळ्याही तो स्वतःच घडवायचा, लोखंडाच्या पट्ट्या सळईभोवती गुंडाळून, ठोकून ठोकून. मी चक्रावून गेलो. माझ्या घरापासून हाकेच्या अंतरावर असा माणूस जगला आणि मेला, आणि मला पत्ता नाही.

"मग धंदा बंद का पडला?" मी विचारलं.

हे माहीत नसलेला बहुधा मी पहिलाच माणूस तिला भेटला असेन. माढ्याकडच्या एका जमीनदाराच्या घरी त्याची बंदूक होती. दहा वर्षांपूर्वी दसऱ्याला, सीमोल्लंघनाच्या वेळी मालकांनी हवेत बार काढला आणि नळी फुटली. शेजारी उभ्या असलेल्या धाकट्या भावाचा डोळा गेला. कारागिराचा परवाना रद्द झाला, हत्यारं जप्त झाली. त्यानंतर तो चार वर्षं कुलपं दुरुस्त करत जगला. चाळीत त्या घरच्यांना अजून ‘फुटक्या नळीचे’ म्हणायचे.

"माज्या बापाची नळी फुटनार न्हाय, मास्तर," ती म्हणाली. "मरताना बी त्यो ह्येच म्हनत हुता. मला दुसरं काय नगं. नळी चांगली हुती, एवडं छापून आना."

"चांगली होती हे कळलं तर छापणारच. नाही छापलं तर पुन्हा लेखणी हातात धरणार नाही," मी म्हणालो. उचलली जीभ लावली टाळ्याला.

ते जमीनदाराचं घर मला परकं नव्हतं. माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो, त्या घराचे उपाध्याय होते. तिथल्या पूजा, लग्नं, मुंजी, श्राद्धं सगळं त्यांच्याकडे. माझं शिक्षणही त्याच घराच्या आधाराने झालं. अपघात झाला तेव्हा मी पुण्याला शिकत होतो. बंदूक फुटली, एवढंच कानावर आलं होतं. आता अण्णा थकून माझ्याकडे सोलापूरला राहत होते. मी गावी गेलो, तर भटजींचा मुलगा म्हटल्यावर तिथल्या कारभाऱ्याने माळ्यावर पडलेली फुटकी नळी मुकाट्याने काढून दिली. ती पिशवीत घालून मी येताना कुर्डुवाडीला उतरलो. तिथल्या रेल्वे कारखान्यातला एक फिटर माझ्या ओळखीचा होता.

त्याने नळी उलटसुलट केली, फाटलेल्या लोखंडावरून बोट फिरवलं आणि हसला.

"कोन म्हनतं कारागीर चुकला? त्यो चुकला असता तर नळी हितं फुटली असती." त्याने काडतुसाकडची बाजू दाखवली. "समदा जोर हितं असतोय. ही तर तोंडापाशी फुगून फाटलीया. तोंडात कायतरी अडकलं हुतं की. चिखल म्हना, चिंधी म्हना."

मला नाचावंसं वाटलं. परतीच्या गाडीत मनातल्या मनात लेख रचला. जमीनदाराला कुठे कुठे चिमटे काढायचे, तेही ठरवून टाकलं.

घरी आल्यावर जेवताना मी अण्णांना सगळं सांगितलं. "एका निरपराध माणसाचा धंदा बुडवला," मी तावातावाने म्हणालो. "चिखल यांच्या बंदुकीत आणि दोष लोहाराला. आणि अख्खं गाव तोंडात मिठाची गुळणी धरून बसलं."

अण्णांचा हात ताटावर थांबला.

"चिखल नव्हता," ते म्हणाले. "सुपारी होती."

मला आधी कळलंच नाही. मग ते पोथी सांगावी तसं सावकाश सांगायला लागले. खंडेनवमीला शस्त्रांची पूजा होते. त्या घरची रीत अशी, की पूजेतल्या हत्याराचं तोंड उघडं ठेवायचं नाही. म्हणून अण्णा लाल चिंधीत सुपारी गुंडाळून नळीच्या तोंडात बोटभर आत घट्ट बसवायचे आणि दसऱ्याला सकाळी उत्तरपूजा झाली की स्वतःच्या हाताने काढायचे. दुसऱ्या कुणी तिला हात लावायचा नाही. त्या वर्षी पहाटेच शेजारच्या गावाहून पूजेचं बोलावणं आलं. बार संध्याकाळी निघतो, तोवर आपण परत येऊ, असं त्यांना वाटलं. बंदूक मागून काडतूस भरायची, त्यामुळे तोंडात डोकावून बघायचं कुणाला कारण पडलं नाही. अण्णा वेशीपाशी पोचले तेव्हा बार झाला.

"तुम्हाला कधी कळलं?" मी विचारलं.

"तिथेच. वेशीपाशी. बाराचा आवाज वेगळा होता."

दहा वर्षं हा माणूस रोज संध्या करत होता, माझ्या मुलांना मांडीवर घेऊन श्लोक शिकवत होता, आणि हे पोटात घेऊन. मी ओरडलो. आयुष्यात पहिल्यांदा अण्णांवर ओरडलो. तो लोहार झिजून झिजून मेला, तुम्ही बोलला का नाहीत?

"तू शिकत होतास," ते म्हणाले. "ते घर तुटलं असतं तर पुणं सोडून तुला पळी-पंचपात्री हातात घ्यावी लागली असती. भ्यालो." मग म्हणाले, "आता लिही. माझं नाव घालून लिही. मी आहे तोवर छापून आलं तर बरं."

जेवण तसंच राहिलं. माझी नोकरी, माझं इंग्रजी, माझी लेखणी, सगळं त्या लोहाराच्या बुडालेल्या धंद्यावर उभं आहे, हे मला तेव्हा लख्ख कळलं, आणि मला स्वतःचीच शिसारी आली.

मी लिहिलं का? नाही. आत्ता लिहितोय, तेव्हा वाचून दाखवायला अण्णा नाहीत आणि ती बाईही नाही. पहिला महिना म्हटलं, धक्का ओसरू दे. दुसऱ्या महिन्यात परीक्षा आल्या. तिसऱ्या महिन्यात मला हेडमास्तर करायचं बोलणं निघालं, आणि मनात आलं, आपल्या बापाच्या चुकीचा डंका आत्ताच कशाला पिटायचा. अण्णा दर पंधरा दिवसांनी विचारायचे, "झालं का लिहून?" मी म्हणायचो, चालू आहे. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.

ती बाईही यायची. शाळेच्या फाटकाशी उभी राहून "आलं का छापून?" एवढंच विचारायची. चौथ्यांदा आली तेव्हा माझ्या हातात मासिकाचा नवा अंक होता. त्यात माझा घोंगड्या विणणाऱ्यांवरचा लेख होता. मी काय केलं ते सांगताना आजही माझी मान वर होत नाही. मी तेच पान उघडून तिच्यापुढे धरलं आणि म्हणालो, "हे बघा, आलं."

तिला वाचता येत नव्हतं. तिने अंक कपाळाला लावला.

"नळी चांगली हुती, असं लिवलंय?"

"हो."

तिने डोळ्यांना पदर लावला आणि मला वाकून नमस्कार केला. मी तो घेतला.

आठवड्याने ती परत आली. अंक तिच्या हातात होता. तिने सगळी चाळ जमवली होती, गूळ वाटला होता आणि एका शिकलेल्या सुनेला लेख मोठ्याने वाचायला सांगितला होता.

"ह्यात घोंगड्याचं हाय, मास्तर," ती म्हणाली. "लोकं लई हसली. मी म्हनलं, मास्तरांनी चुकून दुसराच अंक दिला असंल."

तिचा अजून माझ्यावर विश्वास होता, आणि तोच मला सहन होईना. मी तिथेच फाटकाशी तिला सगळं सांगितलं. फिटर काय म्हणाला, अण्णांनी काय कबूल केलं, आणि मी गप्प का बसलो. शिव्या देईल, रडेल, अशी मनाची तयारी केली होती. तिने अंकाची घडी घातली.

"भटजी भ्यालं त्ये कळतं मला," ती म्हणाली. "पोराच्या शिक्षनापायी भ्यालं. तुमी कुनाला भ्याला?"

"अण्णांची अब्रू..." मी सुरुवात केली.

"त्येंनी लिवू नगं म्हनलं व्हय?"

शाळा सुटली होती. पोरं आमच्या दोन्ही बाजूंनी पळत होती. मी ‘हो’ म्हणू शकलो असतो. तिला ते खरंही वाटलं असतं.

"नाही," मी म्हणालो. "ते लिही म्हणाले होते."