हिराबाईची वजाबाकी

ही गोष्ट अजून माझ्या तोंडून बाहेर पडलेली नाही. ह्यांना मी आयुष्यभर जवळजवळ सगळं सांगत आले — सासूबाईंना मी मनातल्या मनात काय काय म्हणायचे, तेसुद्धा — पण हे नाही. तुम्ही मला ओळखत नाही, तेव्हा तुम्हाला सांगणं सोपं जाईल असं वाटलं होतं. जात नाहीये. तरी सांगते. थोडी वळणं घेत येईन, चालेल ना?

आधी एक दुसरंच खोटं सांगते. ते मला चिकटलं खरं, पण मी जन्माला घातलेलं नव्हतं.

सत्तर सालानंतरची पहिली तीन-चार वर्षं. मी शिरूरची, सातवी पास. लग्न ठरलं ते दौंड तालुक्यात, वरवंडपासून दोन-अडीच मैलांवरच्या एका वाडीत. मुलगा चौथी शिकलेला, आणि त्याच्या आईची एकच अट — सून शिकलेली नको, शिकलेल्या पोरी उलटून बोलतात. माझ्या मामानं भर बैठकीत सांगून टाकलं, "पोरीनं शाळेचं तोंडसुदिक बघितलं न्हाई." झालं! लग्न लागलं आणि मी अडाणी झाले. कुठं सही लागली की अंगठा द्यायचे. किराणा बांधून आलेला कागद चुलीत घालायच्या आधी, दाराकडे पाठ करून, घाईघाईनं वाचून काढायचे. एकदा ह्यांनी पकडलं. दारात उभं राहून किती वेळ बघत होते कोण जाणे. मी कागद चुरगाळला तर म्हणतात, "आगं थांब, फुडं काय झालं त्या चोराचं?"

त्यानंतर हे वरवंडच्या बाजारातनं गूळ आणायचे तो दोन-दोन कागदांत बांधून. दुकानदाराला सांगायचे, "कागूद जरा मोठा घाल." आमच्या संसाराचं सुख त्या गुळाच्या कागदांत होतं म्हणा ना!

तुम्हाला वाटेल, हाच कबुलीजबाब. नाही हो. याचं मला कधी काही वाटलं नाही.

खरी सुरुवात झाली ती सुमनच्या पाठीत बसलेल्या धपाट्यानं. सुमन माझ्या थोरल्या जावेची मुलगी, दुसरीत. बावन्नमधून सत्तावीस वजा करत ओसरीवर बसली होती. पाचावर काट मारून तिनं वर चार लिहिले, दोनाचे बारा केले. माझे सासरे, आबा, मागून बघत होते. त्यांची पद्धत जुनी — वरच्या दोनाचे बारा करायचे आणि हातचा एक खालच्या आकड्यात मिळवायचा. वरच्याला हात लावायचा नाही.

"पाचावर काट मारून चार कशाला लिवलं गं? पाटीवर पाच आसताना?"

"गुर्जींनी असंच सांगितलंय."

"गुर्जी चुकल्यात!" आणि धपाटा.

उत्तर दोघांचं पंचवीसच येत होतं, हे ओसरीवर फक्त मला दिसत होतं — आणि मी तर अडाणी!

असले धपाटे वाडीतल्या बऱ्याच घरांत पडले असणार, कारण चार दिवसांत माणसं शाळेवर गेली. गुरुजी नवीन होते, पोरगेलेसे, अंगात इस्त्रीचा सदरा आणि त्याच्यावर खडू. ते अजिबात चिडले नाहीत. म्हणाले, "शनिवारी दुपारी या सगळे. कोण चुकतंय ते मिळून बघू."

शनिवारी पुरुष आले एकच दिवस, तेही भिंतीला टेकून. नंतर उरलो आम्ही बायका, पंधरा-वीस जणी. जावेला शेतावर जायचं असायचं, म्हणून सुमनच्या वतीनं मला धाडलं. सासूबाई म्हणाल्या, "जा, तुला काय कळणारे, पण ऐकून ये."

काय सांगू तुम्हाला त्या शनिवारांची मजा! गुरुजींनी तुरीच्या काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे बांधून ठेवले होते. दहा गठ्ठ्यांची एक टोपली भरायची, म्हणजे शंभर. सुट्या काड्या कमी पडल्या की गठ्ठा सोडायचा, गठ्ठे कमी पडले की टोपली ओतायची. "पाचावर काट का मारली? पाचातला एक गठ्ठा सोडला, म्हणून चार राहिले," एवढंच ते होतं. पण ते कळल्यावर बायका अशा हसायच्या, जशी कुणी फार दिवसांची चोरी पकडून दिली! एक म्हातारी म्हणाली, "आन् ह्याच्यापायी म्या नातवाला उपाशी निजवला व्हय?" गुरुजींना हसू आवरेना, फळ्याकडे तोंड करून हसत राहिले.

आणि मी? मी आकडे येत नसल्याचं सोंग करत होते. पहिल्या शनिवारी आकडा ओळखायचा नाही, दुसऱ्या शनिवारी अडखळत ओळखायचा, तिसऱ्या शनिवारी पटकन. गुरुजी माझ्यावर खूश. "बघा, एका महिन्यात!" असं सगळ्यांना सांगायचे. मला लाज वाटायला हवी होती ना? मला गुदगुल्या व्हायच्या.

खरं शिकत होती ती हिराबाई.

हिराबाई बौद्धवाड्यातली, माझ्याहून सात-आठ वर्षांनी मोठी. नवरा दौंडला रेल्वेत गँगमन. हिची मोठी मुलगी सुमनच्याच वर्गात. हिराबाई दुसऱ्यांच्या रानात मेथीच्या जुड्या बांधायला जायची, तिचे हात असे चालायचे की बघत राहावं. वर्गात आमच्या आळीच्या बायका पुढं आणि बौद्धवाड्यातल्या दाराशी बसायच्या. तसं कुणी सांगितलं नव्हतं, पण बसायच्या. तिसऱ्या शनिवारी हिराबाई सरळ उठून माझ्या शेजारी येऊन बसली. "वैनी, तुमी हसता लई चांगल्या. मला हितंच बसू द्या." त्या दिवसापासून आम्ही दोघी शेजारी. ती विचारायची, मी सांगायची. तिला आकडे लिहायलाही येत नव्हते आधी. दोन महिन्यांत ती बावन्न वजा सत्तावीस तोंडानं करायला लागली. काड्यांशिवाय.

आता येते मी तिथंच. येते.

शिरूरला शिक्षकांचं शिबिर होतं. पालकांना वजाबाकी कशी समजावली ते दाखवायला गुरुजींना बोलावलं होतं, आणि त्यांनी ठरवलं — वर्गातली एक बाई बरोबर न्यायची, तिनं तिथल्या फळ्यावर गणित करायचं. शिरूर! मला माहेरी जाऊन सव्वा वर्ष झालं होतं. शिरूरचं नाव ऐकल्यावर माझं बाकी कशात लक्ष राहिलं नाही.

गुरुजींनी सगळ्यांना एकच गणित घातलं. तीनशेतून एकशे अठ्ठावीस. दोन शून्यं शेजारी-शेजारी. "जिचं नीट येईल ती शिरूरला," म्हणाले. तेवढ्यात पोस्टमननं हाक मारली म्हणून ते बाहेर गेले.

माझं केव्हाच झालं होतं. मी हिराबाईच्या पाटीत डोकावले. तिनं तीन आणि त्याच्या शेजारचं शून्य, दोन्हीवर मिळून एकच काट मारली होती. वर लिहिलं होतं एकोणतीस. शेवटच्या शून्यावर दहा. खाली उत्तर — एकशे बाहत्तर.

आधी मला उमगलंच नाही. गुरुजींनी असं शिकवलं नव्हतं. त्यांनी सांगितलं होतं — टोपली ओता, दहा गठ्ठे होतील, मग त्यातला एक सोडा. हिराबाईनं टोपली ओतलीच नव्हती. तीनशे म्हणजे तीस गठ्ठे, एक सोडला, एकोणतीस राहिले — बस्स. रोज जुड्या बांधणाऱ्या बाईला तीनशे दिसलेच होते ते तीस जुड्यांसारखे. माझ्या अंगावर काटा आला. सातवी पास होऊन मला जे कधी सुचलं नव्हतं, ते हिला दोन महिन्यांत सुचलं होतं!

आणि त्याच क्षणी मला हेही दिसलं, की गुरुजींनी ही पाटी पाहिली तर शिरूरला ती जाणार.

मी हळूच म्हणाले — अगदी मायेनं, हे लक्षात घ्या — "अवं हिराबाई, चुकलं की. तिनाचं एकोणतीस कुठं होत्यात का?"

तिनं एकदा पाटीकडं पाहिलं, एकदा माझ्याकडं. "व्हय का?" म्हणाली. आणि तळहातानं सगळं पुसून टाकलं.

एवढंच. एवढंच मी केलं.

तिनं माझं का ऐकलं? मी हुशार ठरलेली होते म्हणून? की मी पुढं बसणाऱ्यांतली आणि ती दाराशी बसणाऱ्यांतली, म्हणून? ते माझ्या मनात आलं नव्हतं, असं म्हणून मला सुटता येणार नाही. ती माझं ऐकेल हे मला पक्कं ठाऊक होतं. ते कशावरून ठाऊक होतं?

गुरुजी आत आले तेव्हा तिची पाटी अर्धी झाली होती. माझी नीट होती. मी शिरूरला गेले.

आणि काय मजा केली मी तिथं! खोटं कशाला बोलू? एसटीत खिडकीशी बसले. शिबिरात शंभरेक शिक्षकांसमोर फळ्यावर खडू कचकच वाजवत तीनशेतून एकशे अठ्ठावीस वजा केले. टाळ्या पडल्या. टाळ्या वाजवणाऱ्यांत दुसऱ्या रांगेत बसल्या होत्या माझ्या स्वतःच्या शाळेतल्या बाई! त्या उभ्या राहिल्या आणि गोड आवाजात विचारलं, "तुम्ही कधी शाळेत गेला होतात का हो?"

"न्हाई," मी म्हणाले.

"वा!" म्हणून त्या बसल्या. नंतर व्हरांड्यात त्यांनी माझा कान धरला. "चौथीत शून्य आलं की रडायचीस, आणि आज गुरुजींना फसवतेस?" मी त्यांना मामाचं खोटं सांगितलं. आम्ही दोघी पोट धरधरून हसलो. दुसरं सांगितलं नाही. मग आईकडे गेले, पुरणपोळी खाल्ली, रात्री तिच्या कुशीत झोपले. एकदाही हिराबाईची आठवण आली नाही.

परत आले तर एसटीच्या थांब्यावर तीच उभी. रानातून तशीच आलेली, हाताला मेथीचा वास. सगळं विचारून घेतलं, टाळ्या किती वेळ पडल्या तेसुद्धा. मग म्हणाली, "माझं मातूर शून्यापाशीच चुकतं न्हाई का वं?"

आता बोलायचं होतं. थांब्यावर तिसरं कुणी नव्हतं.

"व्हय," मी म्हणाले.

त्यानंतर दीड-दोन वर्षं, मुलीच्या अभ्यासात शून्य आलं की हिराबाई पाटी घेऊन माझ्या परड्यात यायची. बाकी सगळं तिला यायचं. मी तिला शून्य सोडवून द्यायची. आम्ही शेंगा फोडत बसायचो, गप्पा मारायचो, ती नकला करायची — सासूबाईंची तर अशी करायची की सासूबाई स्वतः हसायच्या. माझ्या आयुष्यातल्या चांगल्या दुपारी त्या. त्या मला कशामुळं मिळाल्या, ते तुम्हाला आता ठाऊक आहे.

मग तिची धाकटी, लता, तिसरीत गेली. तोवर गुरुजींची बदली झाली होती, नव्या बाई आल्या होत्या. एक दिवस हिराबाई लताची वही घेऊन आली. लतानं चारशेतल्या चारावर आणि शून्यावर मिळून काट मारली होती, वर एकोणचाळीस. शेजारी नव्या बाईंची लाल शाईची बरोबरची खूण.

"वैनी, म्या पोरीला धपाटा घातला. म्हटलं, माझ्यावानीच चुकतीस व्हय? तर ह्यी म्हंती, बाईंनीच शिकवलं. आता बाई चुकल्या का काय?"

मी वहीतलं ते एकोणचाळीस पुन्हा एकदा वाचलं. आणि मग, देवाशपथ, माझ्या तोंडून काय निघालं असेल?

"पद्धत बदलली, हिराबाई. तवा ती चुकीची धरत व्हते. आता बरोबर धरत्यात."

ती माझ्याकडं बघत राहिली. मला वाटलं, संपलं. आणि तिचा चेहरा असा फुलला! "म्हंजी... म्या काढलेली सरकारनं घेतली?"

धावत गेली ती. आधी लताला उचलून घेतलं, धपाट्याबद्दल तिची माफी मागितली, मग सगळ्या वाडीला सांगितलं. लोक हसले, पण नव्या बाईंनी तिला वर्गात बोलावून करून दाखवायला सांगितलं. हिराबाईनं काड्यांच्या जागी मेथीच्या जुड्या मांडल्या. बायकांना ते गुरुजींपेक्षा लवकर कळलं. पुढं कित्येक वर्षं आमच्या शाळेत पालकांना वजाबाकी समजावायची वेळ आली की बोलावणं हिराबाईला जायचं. मी शेजारी बसून सुट्या काड्या मोजून द्यायची.

सांगितलं तर तिचा आनंद मोडेल म्हणून मी गप्प राहिले, असं मी स्वतःला पुष्कळदा सांगून पाहिलं. तसं नाही ते. मला ती माझ्याकडं कसं बघेल याची भीती वाटते.

आता आम्ही दोघी दौंडलाच असतो, आपापल्या मुलांकडे. गेल्या महिन्यात मी तिच्याकडे गेले होते. पणती तिच्या मांडीवर वही घेऊन बसली होती आणि हिराबाई, ऐंशीला टेकलेली, तिला तीच गोष्ट सांगत होती — मी एकदा एक पद्धत काढली, ती चुकीची म्हणून पुसली, आणि मग सरकारनं तीच शाळेत लावली. पोरगी म्हणाली, "आजी, थापा मारतीस."

"थापा? विचार ह्या वैनीला. त्या हुत्या तिथं."

पोरगी माझ्याकडं वळली.

"खरंय," मी म्हणाले. "मी शेजारीच बसले होते."

हिराबाईनं माझ्या गुडघ्यावर थाप मारली आणि आत हाक दिली, "वैनीला च्या टाका गं."